मे महिन्यात आमच्या तळ्यावर या

मे महिन्यात माणसानं कुठं जावं, यावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी परिषद भरते. बाहेर नांदेडचं ऊन रस्त्याचं डांबर मऊ करत असतं, आत कूलर नुसताच खडखडत असतो, आणि पेपर तपासता तपासता कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी चिखलदरा, आणि ज्यांची मुलं पुण्यात नोकरीला लागली आहेत ते थेट सिमल्याला जाऊन बसतात. माझी पाळी आली की मी म्हणते, "मी आमच्या गावाकडं. तळ्यावर, पोहायला." मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मे महिन्यात? अहमदपूरकडं? तिकडं प्यायला तरी पाणी असतं का?"

असतं हो, असतं. लातूरला एकदा रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, आणि तेव्हापासून आमच्या मुलखात कुणी पोहतं हे लोकांना पटेनासंच झालं. आम्ही म्हणजे घागरी घेऊन रांगेत उभे राहणारे. फोटोत तसेच, बातमीत तसेच, आता लोकांच्या डोक्यातही तसेच. मला याचा फार राग येतो. पाणी नव्हतं तेव्हा रांगेत उभे राहिलो, त्यात लाजायचं काय? पण पाणी असतं तेव्हा आम्ही त्यात उड्या मारतो, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे. म्हणून मी सांगते. उन्हाळ्यात आमच्याकडं या. थंड हवेच्या ठिकाणी काय, सगळेच जातात.

पंधरा दिवसांपूर्वी भावाचा फोन आला. माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ, गावी शेती करतो. "आक्का, छाटणी उरकली बघ," म्हणाला. माझा उन्हाळा या एका वाक्यानं सुरू होतो. द्राक्षाचा माल मार्चपर्यंत निघून जातो, आणि एप्रिलमध्ये वेलाची सगळी जुनी काडी छाटून टाकतात. तिला खरड छाटणी म्हणतात. मांडवावर एक पान राहत नाही. नुसती खोडं, नुसत्या तारा. कापलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब धरतो आणि ऊन वर आलं की टपकतो. भाऊ फोनवर बोलत होता आणि मला त्या ओल्या काडीचा हिरवट वास येत होता. खोटं नाही सांगत, नांदेडच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावर येत होता.

आमची बाग तळ्याच्या काठावर आहे. लोहा आणि अहमदपूरच्या मधे सरकारनं ओढा अडवून केलेलं तळं. उन्हाळ्यात पाणी मागं मागं हटत जातं आणि काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या गाळात टरबुजं लावतात, काकड्या लावतात. सकाळी तिथं अनवाणी चालावं. तळपायाला गारवा आणि डोक्याला चटका, दोन्ही एकदम. टिटव्यांचा नुसता कालवा. पलीकडच्या काठाला म्हशी नाकापर्यंत बुडालेल्या. दुपारचा वारा पाण्यावरून आला तरी गरमच असतो, उगाच कशाला कौतुक करू, पण तोच वारा ओल्या अंगावर घेऊन बघा. तळ्याचं पाणी वर कोमट असतं, आणि पाय खाली सोडले की घोट्यापाशी गार लागतं. तेवढ्यासाठी मी वर्षभर नोकरी करते, असं मला कधीकधी वाटतं.

अर्ध्या बागेत वाईनची द्राक्षं आहेत. हे मी मुद्दाम सांगते, कारण आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पाचवं शील म्हणजे नशेपासून लांब राहणं. सिद्धार्थनं नाशिककडच्या एका कंपनीसाठी ती काळी, बारीक, बियांची द्राक्षं लावली तेव्हा आमच्या आईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. आम्ही तिला माय म्हणतो.

"तोंडानं शील म्हणतूस अन् हातानं दारूची झाडं लावतूस?"

"माय, मी द्राक्षं इकतो. पुढं त्याचं ते काय बी करू देत."

"म्हंजे द्राक्षं आपली अन् नशा त्येंची?"

"हाव."

मायनं जरा विचार केला. एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली, असलं खाण्यापरीस त्याची दारू केलेलीच बरी. विषय तिथंच मिटला.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात याच सिद्धार्थनं डोक्यात घेतलं की पाहुणे बोलवायचे. नाशिककडं म्हणे लोक गाड्या भरभरून द्राक्षाच्या बागा बघायला जातात, पाण्याच्या काठी राहतात, पोहतात, नावेत बसतात. मग आपल्याकडं काय कमी आहे? बाग आहे, तळं आहे, लेकरं पोहून पोहून काळी होतील एवढं ऊन आहे. पारावरची माणसं पोट धरून हसली. "मे महिन्यात इथं कोण येतंय मरायला?" सिद्धार्थ खाली मान घालून घरी आला आणि त्यानं मला फोन केला. माझं डोकंच फिरलं. कोण येतंय म्हणजे? आम्ही राहतोच ना इथं, मेलो का? शाळेला सुट्टी लागली त्याच दिवशी मी बॅग भरून गावी गेले.

त्या उन्हाळ्यासारखी मी आयुष्यात राबले नाही. बेदाणे वाळवायची शेड होती, तिला चुना फासला, बांबूचे तट्टे लावले, वरून वाळ्याचे पडदे सोडले. तिच्या सावलीत बाजा टाकल्या. रांजण भरले. हातावर चुन्याचे फोड आणि कपाळावर घाम घेऊन रोज दुपारी आम्ही सगळे तळ्यात. सिद्धार्थची बायको कमल धर्माबादकडची, गोदावरीच्या काठाला वाढलेली. पोहण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडं कुणी नाही. तिनं जाहीर केलं, येईल त्या बाईला मी पोहायला शिकवणार. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, पोटाखाली कमलचा हात, आणि मग "मारा पाय! अय्यो, सायकल न्हाई, पाय मारा!"

पहिल्या पाहुण्या मीच नेल्या. आमच्या स्टाफमधल्या दोघी, त्या सिमलावाल्या. बागेत शिरल्या शिरल्या विज्ञानाच्या मॅडम छातीला हात लावून म्हणाल्या, "अरे देवा! सगळी बाग जळाली का हो?" मे महिन्यात द्राक्षाचे घोस लटकलेले बघायला मिळतील, ही चूक प्रत्येक पाहुण्यानं केली. सिद्धार्थ मग त्यांना एकेका काडीपाशी उभं करून सांगायचा, हे बघा फुटवा आला, याच काडीत आत्ता, या उन्हात, पुढच्या वर्षीचा घोस तयार होऊन राहिला. ऊन नसलं तर माल नाही. हे सांगताना त्याचा आवाज असा काही चढायचा की मला हसू यायचं आणि भरूनही यायचं. द्राक्षांच्या ऐवजी मग मूठभर बेदाणे हातावर. जरा वयस्क पुरुष पाहुणे असले की हळूच विचारायचे, "आणि ते… वाईन वगैरे?" माय लांबून ओरडायची, "ताक हाय!"

मायचं काम फाटकात. ती आपली आपणच तिथं जाऊन उभी राहिली होती, कुणी नेमलं नव्हतं. पाहुणे येणार म्हटल्यावर सकाळीच न्हाऊन, बुद्धजयंतीला नेसते ती पांढरी साडी नेसून, लिंबाच्या सावलीत. जो येईल त्याला हात जोडून म्हणायची, "जय भीम. या." टरबुजाचा व्यापारी आला, तो म्हणाला सलाम. तलाठी आले, ते म्हणाले राम राम. बँकेचे साहेब नुसतेच मान हलवून गेले. तिला कशाचंच काही नाही. "आपण आपलं म्हणावं, त्यानं त्याचं म्हणावं," एवढंच.

आणि मग नंदूभाऊ आले. नांदेडहून सहली काढणारा माणूस, उन्हाळ्यात त्याच्या गाड्या कुठं कुठं फिरत असतात. सिद्धार्थनं महिनाभर मागं लागून त्यांना जागा बघायला बोलावलं होतं. नंदूभाऊ वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणते. तळं बघून खूश झाले, कमलनं केलेले धपाटे ठेच्याबरोबर हाणले, बाजेवर आडवे होऊन एक झोपही काढली. पुढच्या रविवारी एक गाडी आणतो म्हणाले, ती जमली की जून लागेपर्यंत दर आठवड्याला. सिद्धार्थचा चेहरा असा उजळला की विचारू नका. निघताना गाडीपाशी उभं राहून त्यांनी आवाज जरा खाली घेतला.

"एकच सांगतो, राग नका मानू. ते फाटकात… तुम्ही नमस्कार म्हणा ना. आणि माय म्हाताऱ्या आहेत, त्यांना ऊन लागतं, जरा आत बसवा. मला काही नाही हो ताई. मी तर जेवलो की तुमच्या घरी! पण गाडीत सगळ्या प्रकारची माणसं असतात."

मी तर जेवलो की. म्हणजे उपकारच केले. धपाटे कमलनं थापले, ज्वारी आमच्या रानातली, ठेचा मायच्या हातचा, आणि आभार आम्ही मानायचे, तुम्ही जेवलात म्हणून! हे मी मनात नाही म्हटलं, तोंडावर म्हटलं. नंदूभाऊंनी कानाला हात लावले. पण सिद्धार्थ मान खाली घालून म्हणाला, "बरं, नंदूभाऊ."

गाडी गेल्यावर आमचं जोराचं भांडण झालं. एका शब्दासाठी कशाला अडायचं, असं त्याचं म्हणणं. "एकदा लोक येऊ तर दे आक्का. तळं बघू दे, जेवू दे. मग म्हणू की."

"मग म्हणजे कधी? आजोबांनाही लोक हेच म्हणले असतील, जरा थांबा, मग म्हणा."

तेव्हा तो जे बोलला ते मला लागलं, कारण ते खरं होतं. "तुला पहिल्या तारखेला पगार हाय. तू कुठं बी ताठ उभी ऱ्हातीस. माझ्याकडं ह्यो एक उन्हाळा हाय." मायला त्यानं एवढंच सांगितलं की रविवारी ऊन लई असणार, तू शेडच्या मागं सावलीत बस. माय त्याच्याकडं बघत राहिली. का, कशाला, काही विचारलं नाही. "हाव," म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी गाडी आली. शेडच्या मागं बाजेवर माय बसली होती, आणि ती पांढरी साडीच नेसली होती. केस विंचरून, पदर नीट घेऊन, फाटकात उभी राहायला निघाल्यासारखी तयार, आणि बसलेली मागं. मी तिच्यापाशी उभी होते. फाटकात सिद्धार्थ इस्त्रीचा शर्ट घालून एकटा. गाडीचं दार उघडलं, नंदूभाऊ पहिले उतरले आणि त्याच्याकडं बघून हसले. मागून एक टोपीवाले आजोबा काठी सावरत खाली आले. सिद्धार्थनं हात जोडले. तोंड उघडलं. आणि शब्द काही येईना. आजोबा आपले त्याच्या तोंडाकडं बघत उन्हात उभे. सिद्धार्थ मागं वळला, एकदा शेडकडं बघितलं, आणि असा ओरडला की पाण्यावरचे बगळे उडाले.

"माय! तिकडं कुठं बसलीस? पाहुणे आले की!"

माय उठली. घाई केली नाही. चपला शोधल्या, पायात सरकवल्या, पदर परत एकदा सारखा केला आणि बागेच्या कडेकडेनं चालत फाटकात आली. आजोबांसमोर उभी राहून म्हणाली, "जय भीम. या." तिच्या मागोमाग सिद्धार्थ, त्याहून मोठ्यानं, "जय भीम! या, या!" मग मी. मग चुलीपाशी होती ती कमल, हातात उलथनं तसंच. नंदूभाऊंच्या चेहऱ्याकडं मी बघितलंच नाही. आणि तेवढ्यात स्टेअरिंगवर बसलेला, सकाळपासून कुणी नावानंही हाक मारली नसेल असा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "जय भीम, माय!"

पुढं काय झालं ते गोड करून सांगणार नाही. आजोबा "नमस्कार, नमस्कार" म्हणत आत आले आणि दिवसभर सिद्धार्थकडून खोडं, काड्या, फुटवे समजून घेत हिंडले. पुष्कळ लोक जेवले. काहींनी आपले डबे काढले. एक लठ्ठशा काकू गाडीतून उतरल्याच नाहीत, म्हणाल्या उपास आहे. सून आणि नातवंडं तळ्यात, आणि काकू तापलेल्या गाडीत पदरानं वारा घेत. दुपारी मात्र त्या खाली आल्या. काठाशी उभ्या राहिल्या, मग घोट्याएवढ्या पाण्यात, मग गुडघ्याएवढ्या. कमल कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. "या की अम्मा," तिनं हात पुढं केला. आणि काकू साडीसकट गेल्या! पाठीला डबा, पोटाखाली कमलचा हात, आणि त्या वयाच्या बाईला जेवढं खिदळता येईल तेवढं खिदळत त्यांनी पाय मारले. बाहेर आल्यावर मी चहाचा कप पुढं केला. "नको, उपास आहे," म्हणाल्या आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. तळ्यात कमलचा हात चालला, कपात नाही चालला. मी तो चहा त्यांच्यासमोर उभी राहून स्वतः पिऊन टाकला.

जाताना नंदूभाऊ म्हणाले, "मला काही नाही हो, पण पुढच्या गाड्यांचं आता…"

"ऱ्हाऊ द्या," सिद्धार्थ म्हणाला.

आणि खरंच राहिलं. उरलेला मे महिना आमच्या बाजा रिकाम्या होत्या, रांजण भरलेले होते, आणि वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं कारण नव्हतं तरी कमल मारत होती. सिद्धार्थ दोन दिवस नुसता बागेत फिरत राहिला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि त्याचा एवढा अभिमान वाटला की तो त्याला सांगताही येईना. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, पाहुणे नाहीत तर आपण पोहू. घर बंद करून सगळे तळ्यात. माय काठावर बसून पाण्यात पाय हलवत होती. तिच्या माहेरी, ती लहान असताना, विहिरीवर आमच्या माणसांनी जायचं नाही. खाली ओंजळ धरून थांबायचं आणि वरून कुणीतरी पाणी वाढायचं. ते कुणीतरी येईपर्यंत तहान दाबून बसायचं. हे तिनं आम्हाला शंभरदा सांगितलं आहे, पण त्या दिवशी ती पायानं पाणी उडवत म्हणाली, "ह्ये तळं सरकारी हाय. हितं कुणी वाढायची वाट बघायची न्हाई." आणि हिंमत करून, कमलचा खांदा धरून, ती छातीएवढ्या पाण्यात उतरली. मरेपर्यंत मी ते विसरणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो ड्रायव्हर आपल्या कॉलनीतली माणसं टेम्पोत घालून घेऊन आला. त्यांच्यातल्या एका नर्सनं आपल्या दवाखान्यातल्या मैत्रिणी आणल्या, त्यांच्यात सगळ्या जातीधर्माच्या. त्यांनी आणखी कुणाला. गाड्या भरत नाहीत, पण बाजा रिकाम्या राहत नाहीत. फोन आला की कमल "हॅलो" म्हणतच नाही, आधी "जय भीम", मग बोला. ज्याला ठेवायचा त्यानं ठेवावा. काही ठेवतात.

गेल्या रविवारी मी गावी होते. शेडमध्ये माय, सिद्धार्थ आणि मी बेदाणे निवडत बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन वाजला. नंदूभाऊ. दोन वर्षांनी! सिद्धार्थनं आवाज मोठा करून फोन मधे ठेवला.

"सिद्धार्थराव, लोक विचारून राहिलेत तुमच्या तळ्याचं. यंदा एक गाडी आणू म्हणतो." मग जरा थांबून, "या खेपेला काळजी नको. मी आधीच सगळ्यांना सांगून आणतो."

सिद्धार्थनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आमच्यापैकी कुणी बोलायच्या आत मायनं फोन उचलून तोंडाशी धरला.

"काय सांगून आणतूस रे बाबा?"

"ते… म्हणजे… तुमचं ते, माय."

"आमचं काय?" मायनं फोन आणखी जवळ धरला. "आधी सांगून ठेवायला आम्ही काय करंटची तार हाव का? तू नको सांगू. आमचं आम्ही फाटकात सांगतो."

"बरं, माय."

"जय भीम," ती म्हणाली, आणि फोन तसाच धरून वाट बघत बसली.

 मग नंदूभाऊंचा आवाज आला, "नमस्कार, माय."

"हां. तू तुझं म्हण, आमचं आम्ही म्हणतो," माय म्हणाली. "आण गाडी."